यंत्र चालते ठेवण्याची विद्या

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर साधारण चौदाव्या किलोमीटरला पैठण तालुक्यातील चितेगाव लागते. यंत्र अभियांत्रिकी, म्हणजे बोलण्यात जिला नुसते ‘मेकॅनिकल’ म्हणतात ती शाखा, सामान्य माणसाच्या आयुष्यात किती खोलवर शिरली आहे हे पाहण्यासाठी मराठवाड्यात या रस्त्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. कारण त्याच्या एका टोकाला धरण आहे, दुसऱ्या टोकाला त्या धरणाच्या पाण्यावर जगणारे शहर आहे, मधे चितेगावात घरगुती उपकरणांचा एके काळचा मोठा कारखाना आहे आणि पुढे बिडकीनला नवी औद्योगिक नगरी आकार घेत आहे. गती, बल आणि उष्णता यांना माणसाच्या कामाला जुंपणे, अशी या शाखेची ढोबळ व्याख्या करता येईल, परंतु ती अर्धीच ठरेल. जुंपलेली यंत्रणा ठरल्या खर्चात, वर्षानुवर्षे चालती ठेवणे हे तिचे दुसरे अंग असून पुष्कळशा नोकऱ्या त्यातच असतात, आणि प्रवेशाच्या वेळी नेमके तेच कोणाच्या डोळ्यांसमोर नसते.

शहराचे पाणी हा या विद्येचा इथला जुना विषय आहे. अठराव्या शतकातील पाणचक्कीला डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणलेले आहे. ते उताराने येते, उंचावरून सोडले जाते आणि त्याच्या जोरावर पात्यांचे चाक फिरून जाते चालते. त्यात इंधन नाही, पंप नाही. पाण्याची उंची हीच तिथली ऊर्जा. आजची स्थिती याच्या अगदी उलट आहे. जायकवाडीच्या नाथसागराची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर आहे, तर शहराची सरासरी उंची ५६८ मीटरच्या आसपास आहे. पूर्वी पाणी शहरासाठी दळण दळत असे, आता पाण्याला शहरापर्यंत चढवण्यासाठी अहोरात्र वीज मोजावी लागते.

ही चढण टप्प्याटप्प्याने होते. धरणातून उपसलेले कच्चे पाणी पैठण रस्त्याच्या कडेने फारोळ्याच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत येते, तिथून ते नक्षत्रवाडीच्या उंचावरील टाक्यांत चढवले जाते आणि मग उताराने शहरात उतरते. हे काम करणाऱ्या पंपाच्या पोटात इंपेलर नावाचे पात्यांचे चाक असते. ते वेगाने फिरून पाण्याला बाहेरच्या बाजूस फेकते आणि त्या वेगाचे पंपाच्या कवचात दाबात रूपांतर होते. दिवसाला १० कोटी लिटर पाणी केवळ १०० मीटर उंच चढवायचे ठरवले, तरी पाइपातील घर्षण सोडून देऊनही गणिताने सुमारे १,१३५ किलोवॅट इतकी शक्ती अखंड लागते. पंपाची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर हा आकडा १,४०० किलोवॅटच्या वर जातो. इंपेलर झिजून आणि आतल्या फटी वाढून तीच कार्यक्षमता ७५ टक्क्यांवर आली, तर दिवसाला जवळपास २,२७० युनिट वीज जास्त जाते. पाणी तेवढेच येते, पंप बंदही पडत नाही. त्यामुळे हा तोटा नळाला पाणी भरणाऱ्या नागरिकाला कधीच दिसत नाही. तो दिसतो फक्त दाबमापक आणि वीजमीटर यांची नोंद रोज शेजारी शेजारी मांडणाऱ्या अभियंत्याला.

पाइप फुटण्याचे कारणही पुष्कळदा यंत्रशास्त्रातच शोधावे लागते. वीज अचानक गेली की पंप थांबतो, परंतु मैलोगणती पसरलेला पाण्याचा स्तंभ एकदम थांबू शकत नाही. तो आधी पुढे ताणला जातो, मग उलटा फिरतो आणि बंद झालेल्या झडपेवर आदळतो. या आघाताला जलाघात म्हणतात. पोलादी पाइपातून सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडले, तर दाबात सुमारे १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढी वाढ होऊ शकते. पाणी उलटू न देणारी झडप, हवा आत-बाहेर सोडणारी झडप आणि दाबाची लाट पोटात घेणारी टाकी हे त्यावरचे उपाय होत. यातली हवेची एखादी झडप गंजून चिकटलेली असेल, तर तिचा दोष सुरळीत चालू असताना कळत नाही, वीज गेल्यावरच कळतो. धरणाच्या पायथ्याशी मात्र पाणी आणि वीज यांचे नाते दोन्ही दिशांनी वापरलेले आहे: तिथल्या १२ मेगावॅटच्या जलविद्युत केंद्रातील यंत्र एका दिशेने फिरताना वीज निर्माण करते आणि उलट फिरवल्यास पंप होऊन पाणी परत वर चढवू शकते.

चितेगावचे नाव महाराष्ट्राबाहेर पोहोचले ते दूरचित्रवाणी संच आणि कपडे धुण्याची यंत्रे बनवणाऱ्या व्हिडिओकॉन कंपनीमुळे. दूरचित्रवाणी संचाकडे लोक विद्युत उपकरण म्हणून पाहतात, पण कपडे धुण्याच्या यंत्राचा खरा प्रश्न यांत्रिक आहे. पाव मीटर त्रिज्येचा पिंप मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरतो, तेव्हा त्याच्या कडेला असलेल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २८० पट जोर येतो आणि त्या जोराने पाणी छिद्रांतून बाहेर पडते. परंतु एखादी ओली सतरंजी एका बाजूला गोळा होऊन अर्ध्या किलोचा जरी असमतोल राहिला, तरी आसाला सुमारे १४० किलो वजनाइतका ओढा सेकंदाला सोळा-सतरा वेळा दिशा बदलत सोसावा लागतो. म्हणूनच पिंपाला स्प्रिंग आणि धक्काशोषकांवर तोललेले असते, पुष्कळ यंत्रांत तळाशी काँक्रीटचे वजन बसवलेले असते आणि यंत्र जमिनीवर चारही पायांनी टेकले आहे की नाही याला महत्त्व असते. ‘मशीन नाचते’ ही घरोघरची तक्रार म्हणजे कंपनशास्त्राचा पहिला धडा होय.

व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एका कंपनीवर उभे राहिलेले गाव तिच्याबरोबरच बसते हे खरे असले, तरी यंत्रकामातील कौशल्य एका उत्पादनाला बांधलेले नसते. ज्या माणसाला प्लॅस्टिकच्या कवचाचा साचा बनवता येतो, त्याला मोटारीच्या दिव्याचा साचाही बनवता येतो. मितींचे गणित, पोलादाची जात आणि उष्णतेने होणारे आकुंचन यांचे नियम दोन्हीकडे तेच आहेत. जिल्ह्याची घडण या जाणकारीची मोठी सोय करते. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये अवघ्या १६ महिन्यांत उभा राहिला आणि त्याच्या आसपास सुट्या भागांच्या उद्योगांची वसाहत वाढत गेली; धक्काशोषक, ब्रेक आणि ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनवणाऱ्या एंड्युरन्सचे मुख्यालयही वाळूजलाच आहे. मोठ्या कारखान्याच्या मागे जॉबवर्क करणारी लहान वर्कशॉपे असतात, आणि तिथे मिलिमीटरचा शंभरावा भाग ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट असते. बेअरिंगची बैठक एवढ्या फरकाने सैल झाली, तरी आस खडखडू लागतो.

बिडकीनच्या ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीसाठी जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य शासनाशी सामंजस्य करार केला, आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या कंपन्यांनीही याच पट्ट्याकडे मोर्चा वळवला आहे. विजेच्या गाडीत पिस्टन, झडपा आणि क्रँकशाफ्ट नसतात, तेव्हा मेकॅनिकलचे दिवस संपले असा सूर अलीकडे पालकांत ऐकू येतो. तो उतावळा आहे. बॅटरीचे तापमान मर्यादेत ठेवणे हा उष्णतावहनाचाच प्रश्न आहे. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि दातेरी चाके कायम आहेत. आणि गाडी बनवणारे यंत्रमानव स्वतःच यंत्रे असल्यामुळे त्यांचीही देखभाल करावी लागते. इंजिनाचे भाग कातणाऱ्यांच्या कामावर मात्र गदा येईल, हे लपवण्यात अर्थ नाही. यापुढच्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला विद्युत मोटर, संवेदक आणि थोडे प्रोग्रॅमिंग यांपासून दूर राहता येणार नाही.

या क्षेत्रात शिरण्याचे दरवाजे एकाहून अधिक आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट हे दोन वर्षांचे व्यवसाय शिकता येतात आणि त्यापुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर काम करता येते. तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम केल्यास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. शहरात १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि साचे व हत्यारे बनवण्याचे शिक्षण देणारे इंडो-जर्मन टूल रूमही आहे. पदवीधर आराखडा काढतो, पदविकाधारक पाळी सांभाळतो आणि आयटीआयवाला हात काळे करतो, ही उतरंड कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात पंप रात्री दोन वाजता बंद पडला की तिघांपैकी ज्याला आवाजावरून बेअरिंग ओळखता येते त्याचेच म्हणणे चालते. देखभालीच्या कामाला आपल्याकडे जो कमीपणा चिकटला आहे, तो या क्षेत्राच्या पगारांतही उतरला आहे, आणि शहरांच्या पाणीयोजनांपासून कारखान्यांपर्यंत त्याची किंमत सर्वांनाच मोजावी लागते.

प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालये नोकरी मिळालेल्यांची छायाचित्रे दर्शनी भागात लावतात. पालकांनी ती अवश्य पाहावीत, पण अर्ज भरण्यापूर्वी मागच्या बाजूची कार्यशाळाही पाहून घ्यावी: तिथले लेथ चालू आहेत का, त्यांना तेल शेवटचे कधी घातले आणि विद्यार्थ्यांना ते स्वतः उघडून दुरुस्त करू देतात का, हे तिथल्या निदेशकाला विचारावे.