यवतमाळ शोधायचं तर आधी 'वून' टाका

'गूगलवर सगळं मिळतं.' महाविद्यालयात कोणालाही विचारा, हेच उत्तर येईल. आता समजा, यवतमाळच्या एखाद्या विद्यार्थिनीला फील्ड प्रोजेक्टसाठी आपल्या जिल्ह्याची शंभर-सव्वाशे वर्षांची लोकसंख्या मांडायची आहे. ती 'यवतमाळ जिल्हा, १९०१ ची जनगणना' असं टाकते. हाती काही लागत नाही. मग 'साहित्य उपलब्ध नाही' असं लिहून मोकळी होते.

साहित्य असतं, पण दुसऱ्या नावाने. १९०५ पर्यंत इंग्रजांच्या कागदांत या जिल्ह्याचं नाव 'वून', म्हणजे आपलं वणी. त्यानंतरही इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखं नव्हतं, 'येओतमाळ' असं वाचावं लागेल असं होतं. १९०८ चं गॅझेटियरही त्याच नावाने निघालं. आणि खरी मेख पुढेच आहे. पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला आणि तो इकडे जोडला गेला. १९०१ चा जुना वून आणि १९११ चं यवतमाळ सरळ शेजारी ठेवले तर दहा वर्षांत लोकसंख्या भरमसाट वाढल्याचं दिसेल. वाढला तो तालुका. ही गोष्ट सर्च इंजिन आपणहून सांगत नाही. जनगणनेचे खंड आणि गॅझेटियर हाताळलेला ग्रंथपाल पाच मिनिटांत सांगतो, वर कोणते शब्द टाकायचे तेही लिहून देतो.

तरी ग्रंथपाल म्हटलं की पुस्तकं देणारा-घेणारा, उशीर झाला की दंड लावणारा, एवढंच चित्र डोळ्यांसमोर येतं. त्याला कारणही आहे: बहुतेक विद्यार्थ्यांचा संबंध काउंटरपुरता आणि परीक्षेआधीच्या 'नो ड्यूज'पुरता. प्रत्यक्षात महाविद्यालयीन ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते आणि नेट-सेटची अट सहायक प्राध्यापकासारखीच असते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने तर ग्रंथालयाला 'ज्ञानस्रोत केंद्र' म्हटलंय. पाटी बदलली, पण अनेक ठिकाणी ग्रंथपालाची जागाच भरलेली नाही, हेही खरं. अशा ठिकाणी हे काम एखाद्या मराठीच्या नाहीतर इतिहासाच्या सरांच्या गळ्यात पडतं.

'हे सगळं पीएचडीवाल्यांसाठी.' हा समज आता जुना झाला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या मुलांनाही फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो, चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय आहे. आणि साधनं आधीपासूनच आहेत. इन्फ्लिबनेटची 'एन-लिस्ट' योजना २०१० पासून महाविद्यालयांना हजारो ई-जर्नल्स आणि लाखो ई-पुस्तकं देते. महाविद्यालय सदस्य असेल तर युजर आयडी ग्रंथपालाकडूनच मिळतो आणि तो घरबसल्याही चालतो. 'शोधगंगा'वरचे प्रबंध तर कोणालाही फुकट. फक्त एक खाचखळगा ध्यानात ठेवावा: जुने मराठी प्रबंध बऱ्याचदा स्कॅन केलेले किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमधले असतात. त्यांच्या आतला 'कोलाम' किंवा 'बंजारा' हा शब्द शोधयंत्राला दिसतच नाही. तिथे विषय, विद्यापीठ, मार्गदर्शक अशा वाटेने जावं लागतं.

सगळ्यात चिवट गैरसमज दहा टक्क्यांचा. 'सर, दहा टक्क्यांपर्यंत कॉपी चालते ना?' चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढंच म्हटलंय. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणं या मोजणीतून वगळायची असतात. म्हणून रिपोर्टवर १८ टक्के पाहून हातपाय गाळायचं कारण नाही. आधी त्यात काय काय मोजलंय ते ग्रंथपालाला दाखवावं.

उलटी गोष्ट जास्त धोक्याची. सॉफ्टवेअर साम्य मोजतं, चोरी नाही. दुसऱ्याचा मुद्दा शब्द फिरवून लिहिला आणि नाव दिलं नाही तर रिपोर्ट शून्य टक्केही येईल, चोरी मात्र चोरीच राहते. वाचताना दुसऱ्याचं वाक्य कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं याची टिपणं ठेवायची सवय लागली तर हा प्रश्न उद्भवतच नाही. ती सवय पहिल्या वर्षात लावायची असते. प्रबंध बांधायला टाकण्याच्या आदल्या दिवशी सॉफ्टवेअर शोधून काही साधत नाही.

प्राध्यापक मंडळींचाही एक लाडका समज आहे: जर्नलला आयएसएसएन आहे म्हणजे ते अस्सल. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक. त्यावरून दर्जा कळत नाही. मे २०१८ मध्ये आयोगाने स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली, त्यातल्या कित्येकांना हा क्रमांक होताच. पुढे आलेली 'केअर' यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता पारखायची जबाबदारी पुन्हा आपल्यावर. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, 'तीन दिवसांत प्रसिद्धी' असं आमिष आहे का, नामांकित जर्नलच्या नावाची नकली वेबसाइट तर नाही ना, हे पैसे भरण्याआधी ग्रंथपालाला विचारावं. पदोन्नतीची फाईल अडल्यावर विचारून उपयोग नाही.

आणि 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे आता सगळ्यांना सगळं फुकट मिळतं, हाही ताजा गैरसमज. २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या या योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० जर्नल्स आहेत. पण पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांचा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची गोष्ट वेगळी. वणी-पुसदकडच्या संस्थाचालकांच्या अनुदानित महाविद्यालयांना एन-लिस्टवरच भागवावं लागतं. तिथे नसलेला लेख हवा असेल तर आधी लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहात त्याची खुली प्रत आहे का पाहायची, नसेल तर अमरावतीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करायची, तेही नाही जमलं तर थेट लेखकाला ईमेल टाकायचा. बरेच लेखक आनंदाने पीडीएफ पाठवतात. ईमेलमध्ये लेखाचं पूर्ण नाव, वर्ष आणि तो कशासाठी हवा आहे हे दोन ओळींत लिहिलं की पुरे.