आधी राग, मग अ‍ॅसिड

मुंबईच्या चित्रपटसंगीतात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. तबल्याला सुट्टी, दहा राग, आणि साथीला रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं. तबकडी फारशी चालली नाही. २०१०मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या डच कंपनीनं ती पुन्हा काढली, तेव्हा शिकागोच्या ‘फ्यूचर’ मंडळाच्या १९८७च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’आधीच मुंबईत अ‍ॅसिड हाउस हे नृत्यसंगीत जन्मलं होतं, अशी हाकाटी झाली. हा मान नम्रपणे परत करावा. या तबकडीचं खरं काम वेगळंच आहे, आणि जनकत्वाच्या गौरवात तेच झाकलं जातं.

या तीन यंत्रांपैकी टीबी-३०३ हे एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून निघालं होतं. शिकागोच्या मुलांनी त्याच्या कळा पिळून आवाजाचा रंग सतत बदलता ठेवला. तिथं तो रंगच विषय झाला. सिंग यांच्याकडे मात्र ही बेसची आवर्तनं पायाशी राहतात, बरीचशी तानपुऱ्याचं काम करतात, आणि वर ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर राग उलगडतो. टीआर-८०८ या तालयंत्राचा ठोका तेवढा डिस्कोचा. दहांपैकी भूपाळी, मालकंस, कलावती आणि बैरागी हे पाच स्वरांचे राग. मोजक्या स्वरांची आवर्तनं यंत्राला मानवतात, आणि तबकडी सर्वाधिक जमते तीही इथंच. तोडीत मात्र गांधार नेहमीच्या कोमलाहून खाली हवा. पट्ट्यांवर तो सापडत नाही.

मग याला राग म्हणायचं का, असं जाणकार विचारतील. आक्षेप जुना आहे. याच कारणासाठी आकाशवाणीनं १९४०पासून तीन दशकं पेटीला दार बंद ठेवलं होतं. तरी कीर्तनात आणि नाट्यसंगीतात पेटी टिकलीच. इथं लांब आलाप नाही, लय वाढत नाही, विलंबित तर नाहीच, हे मात्र कबूल करावं लागतं. रागाचा विस्तार इथं शोधू नये. त्याची चाल आणि ठेवण मात्र ओळखू येते.

दुसरा आक्षेप असा की आधी ते आधीच. पण शिकागोत ही तबकडी पोचल्याचा पुरावा नाही, आणि सिंग यांच्यासमोर होता तो ‘कुर्बानी’, ‘कर्ज’च्या काळातला हिंदी डिस्को. स्टुडिओत रोज नवा बाज वाजवणाऱ्या वादकाचा हा प्रयोग होता. प्रयोगाला श्रोताही लागतो. रेक्याविकच्या ‘गसगस’ मंडळाची ‘पॉलिडिस्टॉर्शन’ ही तबकडी १९९७मध्ये ‘फोरएडी’ या ब्रिटिश कंपनीकडून आली, तेव्हा युरोपात तिच्यासाठी नाचघरं आणि श्रोते तयार होते. सिंग यांच्यामागे मोठी कंपनी होती, पण श्रोता कोण? शास्त्रीयवाल्यांना ठोका नको, डिस्कोवाल्यांना गाणं हवं.

आज मंगरूळपीरच्या वरातीतही स्पीकरच्या भिंतींतून यंत्राचाच ठोका येतो आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळे ही तबकडी नव्यानं ऐकणाऱ्याला ठोक्याची सवय आधीच असते. राग तेवढा ओळखावा लागतो. सुरुवात कलावतीपासून करावी, तोडी शेवटी.