शेणातलं गवत

जीवाश्मांवर पीएचडी करायला हाडच हवं असं नाही, शेणही चालतं! नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर वरोरा लागतं. तिथून जवळच पिसदुरा. इथल्या शेतांत डायनोसॉरची हाडं सापडतात, तशी दगड झालेली विष्ठाही. हातात घ्या, वास अजिबात नाही, नुसतं वजन. जीवाश्मतज्ज्ञ वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तर आत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण! २००५ साली हा शोध 'सायन्स' नियतकालिकात छापून आला. तोवर डायनोसॉर गेल्यावरच गवत फोफावलं, असा समज होता. ही विष्ठा ज्यांची असावी, ते टायटॅनोसॉर जातीचे डायनोसॉर मात्र साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच गवतही खात होते. विष्ठेतले काही कण तर भाताच्या भाऊबंदांचे निघाले.