बंदर निवडण्याआधी विमानाचा भाव काढा

घाटनांदूरच्या फलाटावर उभं राहून भूमध्य समुद्राची आठवण यायचं काही कारण नाही. पण क्रूझचा हिशेब इथूनच सुरू होतो. हा लोहमार्ग एकीकडे परळीला, दुसरीकडे विकाराबादमार्गे हैदराबादला जातो. म्हणजे विमानासाठी मुंबईच गाठायला हवी असं नाही.

लोक आधी जहाजाचं भाडं बघतात. तिथंच फसगत होते. विमानाचं तिकीट किलोमीटरवर ठरत नाही. त्या मार्गावर किती कंपन्यांची चढाओढ आहे, सीट किती रिकाम्या आहेत, यावर ठरतं. त्यामुळे लांबचं शहर कधीकधी स्वस्त पडतं.

मग उतरल्यावरचा खर्च. 'रोम' म्हणून विकलेली सफर चिवितावेक्कियाहून सुटते, रोमपासून सुमारे 70 किलोमीटरवर. 'व्हेनिस' तर आणखी फसवं: 2021 पासून मोठ्या जहाजांना शहराच्या ऐन मधल्या कालव्यात बंदी आहे, त्यामुळे तिकिटावर व्हेनिस आणि जहाज रावेन्नाला, असंही होतं. बार्सिलोनात विमानतळ आणि बंदर जवळजवळ. अथेन्सच्या विमानतळावरून पिरेअस बंदरापर्यंत 2022 पासून थेट मेट्रो आहे. माझा कौल या दोघांना.

एका बंदरातून सुटून दुसऱ्यात संपणारी सफर असेल, तर दोन सुटी तिकिटं काढू नका. 'मल्टी-सिटी'चा भाव आधी बघा. वाटेत तुर्कस्तान असेल, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो.

आणि विमान आदल्या दिवशीचंच घ्या. जहाज कुणासाठी थांबत नाही.