इसार देण्याआधी सिबिल पाहा

घर पाहावे बांधून, असे जुनी माणसे सांगून गेली. आता त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. घर घ्यायचे तर आधी सिबिल पाहावे.

मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी दोन खोल्या घ्याव्यात, अशी इच्छा आज अनेक शेतकरी कुटुंबांत आहे. सौदा ठरतो, इसार दिला जातो, खरेदीखताला दोन-तीन महिन्यांची मुदत पडते. मग कागदांची पिशवी घेऊन घरधनी बँकेत जातो आणि साहेब सांगतात, "बाकी सगळं ठीक आहे, पण सिबिल थोडं कमी पडतंय." मुदत टळली तर इसारही हातचा जायचा!

हे सिबिल म्हणजे कर्जफेडीचे प्रगतिपुस्तक. सिबिल ही कंपनी २००० साली स्थापन झाली. तिच्यासह अशा चार कंपन्या देशात काम करतात. गुण ३०० ते ९०० पर्यंत असतात आणि ७५० च्या पुढचे गुण साधारणपणे चांगले मानले जातात. बऱ्याच बँकांचे व्याजदर या गुणांच्या टप्प्यांवर ठरतात. त्यामुळे दहा-पंधरा गुणांनीही फरक पडू शकतो. १५ लाखांच्या २० वर्षांच्या कर्जावर अर्धा टक्का व्याज जास्त लागले, म्हणजे साडेआठऐवजी नऊ टक्के, तर हप्ता सुमारे ४८० रुपयांनी वाढतो. वीस वर्षांत हे होतात जवळजवळ एक लाख १५ हजार. एक म्हैस सहज आली असती!

थोडे गुण कसे वाढवावेत?

पहिले काम म्हणजे आपला अहवाल स्वतः काढून पाहणे. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. मात्र चार बँकांत एकदम अर्ज टाकले, की प्रत्येक बँकेच्या चौकशीची नोंद होते आणि गुण थोडे घसरतात.

अहवालात जुनी कर्जे नीट तपासावीत. सातबारावरचा बोजा उतरला म्हणजे सिबिलवरचाही उतरला, असे नाही. कर्ज फिटूनही ते थकीत दिसत असेल तर बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा आणि दुरुस्तीची तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तक्रारीची पोच जपून ठेवावी.

एकरकमी तडजोडीत काही रक्कम सोडून मिटवलेले कर्ज अहवालात 'सेटल्ड' असे दिसते. बँका त्याकडे शंकेने पाहतात. शक्य असल्यास सुटलेली रक्कम भरून खाते 'बंद' अशी नोंद करून घ्यावी. भावकीत कुणाला जामीन राहिला असाल तर तेही कर्ज तपासा. त्याचा हप्ता चुकला, तरी डाग तुमच्याही नावावर पडतो.

पीककर्ज मुदतीत भरून नवे करून घ्यावे. क्रेडिट कार्ड असेल तर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा. मोबाईलचा हप्ता पाचशेचा असला, तरी तो चुकवू नये. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याने किंवा त्याहून लवकर कळवावी लागते. त्यामुळे भरलेली थकबाकी लवकर नोंदली जाते. तरीही हाताशी तीन महिने ठेवावेत.

कर्ज मंजूर झाले, तरी हयगय नको. रक्कम हातात पडण्याआधी बँक पुन्हा सिबिल पाहू शकते. त्या दिवसांत फ्रिज, मोटारसायकल हप्त्याने घेऊ नये.

आजवर कर्जच न घेतलेल्यांनी मात्र घाबरू नये. केवळ जुनी नोंद नाही म्हणून पहिल्या कर्जाचा अर्ज नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे.

"पाच हजारांत सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्या दलालांपासून सावध राहावे. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. ग्रामपंचायत अधिकारी आणि सोसायटीचे सचिव यांनी ग्रामसभेत एवढी माहिती दिली, तरी अनेकांचा इसार वाचेल. आधी अहवाल, मग इसार, हाच क्रम बरा.