बारावीनंतर जर्मनी (भाग 9) : आडनाव आधी की नाव आधी?

श्टुडिएनकोलेगच्या, म्हणजे जर्मन विद्यापीठाआधीच्या तयारी वर्गाच्या, प्रवेश परीक्षेबद्दल या आठवड्यात लिहीन, असं म्हणालो होतो. ते पुढच्या वेळी. मधल्या काळात बार्शीहून एका पालकांचं पत्र आलं, आणि त्यांचा प्रश्न मला दरवर्षी निकालानंतर कुणी ना कुणी विचारतंच. म्हणून आज फक्त नावाबद्दल.

मुलीच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि ‘गिव्हन नेम’मध्ये तिचं नि वडिलांचं नाव जोडून. जर्मनीसाठी शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएसच्या पडताळणीत या दोन वेगळ्या मुली वाटतील का? राजपत्रात नावबदल छापून घ्यावा का?

मुळीच नको. नावाचा क्रम ही चूक नव्हे. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर त्या रकान्याच्या डोक्यावरच ‘आडनाव प्रथम’ असं इंग्रजीत छापलेलं असतं. पासपोर्ट उघडून फोटोच्या पानाचा तळ पाहा. तिथे यंत्राला वाचण्यासाठी दोन ओळी असतात. पहिलीत ‘पी’ आणि ‘आयएनडी’ झाल्यावर येतं ते आडनावच. मग दोन कोनी खुणा, मग मुलीचं नाव, एक खूण, आणि वडिलांचं नाव. म्हणजे पासपोर्टही आतून आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखाच चालतो. राजपत्रात नावबदल छापलात, तर जो बदल झालाच नाही त्याचा पुरावा तयार होईल आणि पुढे प्रत्येक खिडकीवर त्याचा खुलासा करत बसावं लागेल.

करायचं ते एवढंच. जर्मन फॉर्मवर ‘फोरनामे’ म्हणजे आडनाव सोडून पासपोर्टवर जे काही आहे ते सगळं, वडिलांच्या नावासकट. ‘नाखनामे’ म्हणजे आडनाव. भाषेच्या परीक्षेची नोंदणी, एपीएस, विद्यापीठाचा अर्ज, ब्लॉक्ड अकाउंट, विमानाचं तिकीट, सगळीकडे हेच. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असं करू नका.

खरा घोळ असतो स्पेलिंगचा, आणि तो बहुतेकदा वडिलांच्या नावात सापडतो. दत्तात्रय की दत्तात्रेय? ज्ञानेश्वर ‘डीएन’ने लिहायचं की ‘जीवाय’ने? मुलीचं नाव श्रद्धा असेल तर ‘डी’ एक की दोन? मराठीत आपण एकच नाव वाचतो, इंग्रजीत ती दोन नावं होतात. त्यातून घरी वडिलांना सगळे बापू म्हणतात आणि एखाद्या जुन्या दाखल्यावर तेच उतरलेलं असतं.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं असंच झालं. जर्मन उत्तम, बी2 झालेलं, श्टुडिएनकोलेगची जागा हातात. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव एका स्पेलिंगने, बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या. फरक एका ‘ई’चा. बारावीचा फॉर्म भरताना तो शिरला आणि कुणाच्याच लक्षात आला नाही. दुरुस्तीचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत विभागीय मंडळाकडे गेला, दुरुस्त गुणपत्रिका आली, पण तोवर हिवाळी सत्र सुरू झालं होतं. ती पुढच्या फेब्रुवारीत गेली. सहा महिने एका अक्षरापायी गेले, याची मला अजून हळहळ वाटते, कारण ते टाळता आलं असतं.

आईच्या नावाकडेही बघा. लग्नानंतर पहिलं नावच बदलण्याची पद्धत अनेक घरांत होती. मग मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं एक नाव, बँकेत दुसरं. शैक्षणिक कर्जात आई सहअर्जदार असेल तर हे नेमकं तिथे अडतं. पुढच्या पिढीची नावं आणखी लांबणार आहेत. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि आडनाव, असा क्रम शासकीय कागदांवर येतो. मला हा निर्णय मनापासून आवडला. पण ती मुलं बारावीला पोचतील तेव्हा त्यांच्या पासपोर्टवरचा ‘गिव्हन नेम’चा रकाना चांगलाच भरलेला असेल, आणि तपासायची अक्षरंही वाढलेली असतील.

मग घोळ निघालाच तर आधी काय दुरुस्त करायचं? माझा सल्ला ठाम आहे : दहावीचं प्रमाणपत्र हा पाया धरा. ते बरोबर असेल तर पासपोर्ट त्याला जुळवा. पासपोर्ट नव्याने काढून घेणं त्यामानाने सोपं असतं. ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र तात्पुरत्या अडचणीला चालतं, त्याच्या भरवशावर व्हिसाच्या मुलाखतीला जाऊ नका.

ज्यांची मुलं आत्ता दहावीत आहेत, त्यांना मात्र कळकळीने सांगतो. मंडळाच्या परीक्षेआधी शाळेत मुलांच्या नोंदी तपासण्यासाठी प्री-लिस्ट येते आणि मुलं घाईत तिच्यावर सही करून मोकळी होतात. त्या दिवशी मुलाच्या हातात पासपोर्टची किंवा जन्मदाखल्याची झेरॉक्स द्या, आणि स्वतःचं, वडिलांचं, आईचं नाव अक्षर न् अक्षर जुळवल्याशिवाय सही करू नकोस, असं त्याला बजावून सांगा.