टपावरची काच अडली तर

मृगाच्या आधी आपण घराची कौले चाळतो, पन्हळीतला पाला काढतो, गोठ्याचे पत्रे ठोकून घेतो. दारातल्या मोटारीच्या टपाकडे मात्र कोणी बघत नाही. जुन्या घेतलेल्या पुष्कळ गाड्यांच्या टपावर आता सरकणारी काच, म्हणजे सनरूफ, असते. उन्हाळाभर ती उघडझाप करण्यात पोरांना मौज वाटते आणि नेमकी वळवाच्या सरीला ती अर्ध्यावर अडून बसते. खाली गाद्या, गाद्यांखाली तारांचे जुडगे! सगळे भिजले तर दुरुस्ती भलतीच महागात जाते.

अशा वेळी बटण दाबून धरू नका. काच दोन बाजूंच्या रुळांतून सरकते. तिला ओढणाऱ्या केबल दोन, पण मोटर एकच. अडलेली काच रेटत राहिलात तर केबलचे दाते झिजतात, एक बाजू पुढे नि दुसरी मागे राहते आणि काम आपल्या हातातले उरत नाही. आधी कान द्या. आवाजच नसेल तर प्रथम फ्यूज पाहा. मोटर फिरते पण काच हलत नाही, तर केबल किंवा दाते गेले असावेत. थोडी सरकून मागे येत असेल तर रुळात काही अडले आहे. पुष्कळदा हेच असते. धुरळा जुन्या वंगणात बसून त्याचा चिखल होतो.

आभाळ भरून आले असेल तर काच हाताने मिटवता येते. बऱ्याच गाड्यांत समोरच्या आरशाजवळ, दिव्याच्या झाकणामागे, षटकोनी भोक असते. गाडी बंद करून त्यात ॲलन पाना घाला आणि हळूहळू फिरवा. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. काच तिरकी येऊ लागली तर थांबा, वर ताडपत्री बांधा आणि मिस्त्रीला गाठा.

सवडीने रूळ साफ करा. कोरड्या ब्रशाने माती काढा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. मग पांढरे लिथियम ग्रीस बोटाच्या टोकाने पातळ लावा. ट्रॅक्टरचे काळे ग्रीस किंवा जळके ऑइल नको. त्याला धूळ चिकटते आणि रबरही खराब होते.

आता खरी गोम. काचेभोवतीचे रबर सगळे पाणी अडवते असा आपला समज असतो. तसे नाही. थोडे पाणी आत झिरपतेच. ते काचेखालच्या पन्हळीत पडते आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांवाटे खांबांतून खाली, चाकांच्या आसपास बाहेर जाते. या नळ्या मातीने, पानांनी तुंबल्या की छताचे कापड भिजते, पायाखाली डबके होते. मग लोक रबरावर सिलिकॉनचा लेप थापतात. पैसे जातात, गळती राहते.

काच उघडून एकेका कोपऱ्यात अर्धा पेला पाणी सावकाश ओता. खाली ठिबकले म्हणजे नळी मोकळी. नसेल तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी टोक गोल करून अलगद आत सारा. लोखंडी तार नको, नळी फाटते. पंक्चरवाल्याकडची जोराची हवाही नको. नळी आतून निसटली तर छताचे कापड उतरवावे लागते. हे काम पावसाळ्यापूर्वी एकदा, दिवाळीनंतर एकदा करा. गाडी झाडाखाली उभी असते त्यांनी महिन्यातून एकदा केले तरी चालेल.

बॅटरी काढून परत लावल्यावर काच धक्के देत सरकली तर घाबरू नका. काही गाड्यांत मोटर आपली हद्द विसरते. ती पुन्हा कशी शिकवायची हे पुस्तिकेत असते.

मुलांना मात्र टपातून डोके काढू देऊ नका. काही जुन्या गाड्यांत काच वाटेत हात आला तरी थांबत नाही.

आणि जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा पायाखालचे जाजम उचलून हात लावून पाहा. ओल लागली, कुबट वास आला किंवा छताच्या कोपऱ्याला तपकिरी डाग दिसला, तर भाव ठरवण्याआधी कोपऱ्यात पाणी ओतून दाखवायला सांगा.